पडदा

धानाची कापणी उरकली की वडशाच्या बाजूची गावं
रात्रभर जागायला लागतात
आणि माझ्या लॅबमध्ये नाटकवाले यायला लागतात.
घसा, गुडघे, ताप,
कानामागे रात्रीच्या रंगाची कडा तशीच.

टिकाराम नाकाडे आल्याचं खुर्चीनं आधी सांगितलं.
वजन एकशे अठरा.
नस सापडेना, तीनदा टोचलं.
तीनही वेळा तो वेगळ्या आवाजात ओरडला:
सावकाराच्या, सासूच्या,
तिसऱ्यांदा सुईच्या.
रांगेतल्या बाळंतिणीसुद्धा हसल्या.

"म्याडम, चार पायऱ्या चढलो का डोर्‍यापुढं काजवे.
पन डाक्टरले सांगा, पोट नोका कमी करू.
त्याच्यावरच तारखा भेटतेत माह्या."

आमच्याकडे रक्त म्हणजे आधी विळा.
आश्रमशाळेतल्या मुलींचं, पोटुशींचं, माझ्या घरातलंही,
काचेवर पसरायचं
आणि वाकडी पेशी शोधायची.
माझा भाऊ तसल्या पेशींवर जगला.
चौदा वर्षं.

नाकाडेच्या पेशी गोल.
एकही विळा नाही.
फक्त एकमेकींना चिकटून उभ्या,
गल्ल्यावर रुपयांची चवड लावावी तशा.
नळीतलं रक्त तासाभरात चाळिशीला जाऊन बसलं.
बाकीचं या मायक्रोस्कोपला दिसत नाही.

ते मी शिकले नागपुरात, एका मे महिन्यात,
पंखा बंद पडलेल्या वर्गात:
पेशीला भिंत नसते, पडदा असतो.
दुपदरी, स्निग्ध, आतल्या आत हलता.
सगळ्यात बारीक नळी पेशीहूनही अरुंद,
म्हणून दर फेरीला तिनं अंग चोरायचं,
दुमडायचं, लांबट व्हायचं,
पलीकडे गेल्यावर पुन्हा गोल.
अंगावर चरबी चढत गेली
की त्या पडद्यातही कोलेस्टेरॉल शिरतं.
खळ जास्त झालेल्या लुगड्यासारखा तो ताठरतो.
पेशी दाराशी येते आणि तिला वाकता येत नाही.
मागे रांग.

म्हटलं, "भाऊ, तुमच्या रक्ताचा पडदा कडक झाला आहे."
तो म्हणाला, "मंग ओढनारा बदला."

शंकरपटाच्या रात्री मी त्याचं नाटक पाहिलं.
तिसऱ्या अंकात तो खिडकीतून पळतो.
खिडकी मुद्दाम लहान ठेवलेली.
डोकं गेलं, एक हात गेला,
पोट अडकलं.
शिट्ट्या. माईकवरून बक्षिसं,
कुणा उपसरपंचाकडून एकशे एक.
मीही हसले, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
मग त्याची नखं दिसली, चौकटीवर रुतलेली,
हॅलोजनच्या उजेडातही निळसर.
माझी बोटं आपोआप नाडी मोजायला लागली,
माझ्याच मनगटावर.

तो पलीकडे गेला.
चौकट घेऊन गेला.

होळीच्या आधी त्याचा शेवटचा प्रयोग.
मी रजिस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला:
तांबडी पेशी जगते एकशेवीस दिवस,
भाऊबीजेपासून धरलं तर जवळजवळ एक सीझन.
त्याच्याबरोबर गावोगाव हिंडल्या,
ट्रकमध्ये नेपथ्यावर झोपल्या,
पहाटे चारला त्याच्यासोबत भजी खाल्ली,
आणि आता एकेक करून पाणथरीत मोडतील.
हाडांच्या आत
नव्या पात्रांची निवड चाललेली असेल.
त्यांचा पडदा कशाचा शिवायचा,
ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

चैत्रात तो आला, अर्ध्या दुपारी.
"स्टँडवरून पायी आलो," म्हणाला, धापा टाकत.
खरं की खोटं, मी विचारलं नाही.
वजनकाट्याकडे तो पाहीना, मीही दाखवला नाही.
बाही त्यानं स्वतःच वर केली.
"टोचा म्याडम.
या वक्ती कोनाचा आवाज काढू?"